सेराडुरा, म्हणजे मारी बिस्किट आणि क्रीमचं थरांचं पुडिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली १२ वर्षं मी फोंड्याला राहते, माहेर कोल्हापूरचं. इथे आल्यावर पहिल्याच नाताळात शेजारच्या आंटींनी फ्रीजमधून एक काचेचा ग्लास काढून हातात दिला, पांढरा थर, बदामी थर, परत पांढरा, परत बदामी, आणि मी तो तिथेच दारात उभ्या उभ्या संपवला. तेव्हापासून आमच्याकडे वाढदिवस असो, बारसं असो की कोणाचा दहावीचा निकाल, सेराडुरा होतोच. आणि दर वेळी फोटो टाकला की पुण्या-कोल्हापूरच्या बहिणी, भावजया, मैत्रिणी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं.

सेराडुरा म्हणजे नेमकं काय?

मारी बिस्किटाचा चुरा आणि फेटलेलं क्रीम, क्रीममध्ये कंडेन्स्ड मिल्क आणि थोडं व्हॅनिला, ह्यांचे एकावर एक थर. बस एवढंच. ओव्हन नाही, गॅस नाही, अंडं नाही. पोर्तुगीज भाषेत सेराडुरा म्हणजे लाकडाचा भुसा, घरात सुतारकाम चालू असताना करवतीखाली जो मऊ पिवळट भुसा साचतो ना, तोच. अर्धी रेसिपी त्या नावातच आहे असं मला वाटतं, कारण बहुतेकांचं जे बिघडतं ते इथेच बिघडतं, चुरा भुशासारखा नसतो, बिस्किटाचे तुकडे असतात. तुकड्यांचंही छान लागतं पण मग तो सेराडुरा नाही.

उच्चाराबद्दल पण विचारतात, आमच्याकडे सेराडुरा म्हणतात, काहीजण सेरादुरा म्हणतात, दोन्ही चालतं.

हा गोव्याचाच पदार्थ आहे का?

मूळ पोर्तुगालचा. तिथे मारी बिस्किटाचं वेडच आहे म्हणा ना, कॉफीत बुडवलेल्या मारी बिस्किटांचा थरांचा केक करतात, आणि अजून एक प्रकार असतो ज्यात क्रीम आणि चुऱ्याच्या वर अंड्याच्या पिवळ्या बलकाचं गोड सॉस ओततात. पोर्तुगीज जिथे जिथे राहिले त्यातल्या काही ठिकाणी सेराडुरा राहिला, त्यातलं एक गोवा आणि दुसरं मकाव. मकाव १९९९ मध्ये चीनकडे गेलं पण तिथे आजही हा सगळ्यात प्रसिद्ध गोड पदार्थांपैकी एक आहे, आणि चिनी भाषेतलं त्याचं नावसुद्धा लाकडाच्या भुशाचं पुडिंग ह्याच अर्थाचं आहे. मला हे कळलं तेव्हा इतकं भारी वाटलं होतं, की फोंड्यात आणि मकावमध्ये दोन्हीकडे लोक ग्लासात तोच भुसा खातायत.

आणि मारी बिस्किट तरी कुठलं, तर लंडनचं. १८७४ मध्ये रशियाच्या झारची मुलगी मारिया हिचं लग्न व्हिक्टोरिया राणीच्या मुलाशी झालं, त्या लग्नानिमित्त पीक फ्रीन नावाच्या बेकरीने हे बिस्किट काढलं आणि तिचं नाव दिलं. म्हणजे हे बिस्किट मुळातच लग्नाचं आहे. आपण त्याला आजारपणातलं आणि चहात बुडवायचं बिस्किट करून टाकलं, पण समारंभाच्या गोडात ते शोभतं ते काही उगीच नाही.

नाताळच्या फराळात सेराडुरा का दिसत नाही?

नाताळला शेजारीपाजारी जी ताटं वाटतात त्याला कुस्वार म्हणतात, त्यात नेवऱ्यो, कुलकुल, दोदोल, दोस, बेबिंका असं सगळं असतं, आणि ह्यातलं बहुतेक बाहेर टिकणारं असतं. सेराडुरा बाहेर टिकत नाही, त्यामुळे तो ताटात बसत नाही. तो घरी आलेल्या पाहुण्याला फ्रीजमधून काढून द्यायचा पदार्थ आहे.

प्रमाण सांगा ना, नेमकं.

१५० मिलीच्या ८ छोट्या ग्लासांसाठी :

व्हिपिंग क्रीम ४०० मिली (दुधाचं, कोणतं ते खाली सांगते), कंडेन्स्ड मिल्क १७० ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्याच्या अर्ध्यापेक्षा थोडं कमी, मारी बिस्किट २०० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा, आणि मीठ अगदी चिमूटभर. मीठ टाळू नका, गोडाच्या शिऱ्यात आपण चिमूटभर घालतोच की, त्याने गोडी उठून येते.

बिस्किटं मोजून नका घेऊ, वजन करा, कारण प्रत्येक कंपनीचं मारी वेगळ्या जाडीचं असतं.

करायचं कसं, पहिल्यापासून सांगा.

आदल्या रात्री क्रीम फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला ठेवायचं, दाराच्या कप्प्यात नाही, तिथे दार उघडझाप होऊन पुरेसं गार होत नाही. सकाळी ज्या पातेल्यात फेटायचं ते स्टीलचं पातेलं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये टाका. कंडेन्स्ड मिल्क तासभर फ्रीजमध्ये, त्याहून जास्त ठेवलं तर ते इतकं घट्ट होतं की क्रीममध्ये नीट मिसळत नाही.

तोवर बिस्किटं. मिक्सरला सलग फिरवू नका, थांबून थांबून, २-३ सेकंद फिरवून बंद, परत २-३ सेकंद. मग रव्याच्या चाळणीने चाळून घ्या, वर जे राहील ते परत मिक्सरला. चाळायचा कंटाळा करू नका, प्लीज. चिमटीत धरून बघा, कणी लागली नाही पाहिजे, बोटांना पिठूळ लागलं पाहिजे पण अगदी मैद्यासारखं गुळगुळीत पण नको, बारीक रव्याच्या थोडं खाली. मिक्सरमधून आलेला चुरा कोमट असतो, तो ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, कोमट चुरा क्रीमवर टाकला की क्रीम ढिलं पडतं.

आता क्रीम. एका परातीत बर्फ आणि मूठभर जाडं मीठ, त्यात पातेलं ठेवायचं आणि बीटर आधी हळू मग मध्यम. फास्टवर नेऊ नका. सुरुवातीला मोठे मोठे बुडबुडे दिसतात, मग ते बारीक होत जातात, मग बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात. रेघा उमटून लगेच बुजत असतील तर अजून वेळ आहे, रेघा टिकायला लागल्या की बीटर बंद. ह्यावेळी कंडेन्स्ड मिल्क, व्हॅनिला, मीठ घालून उलथन्याने खालून वर असं हलक्या हाताने मिसळा, क्रीम थोडं सैल होईल, मग परत १५-२० सेकंद बीटर. पाती उचलली की टोक उभं राहून जरासं वाकलं पाहिजे, सरळ ताठ उभं राहिलं तर तुम्ही कडेला आलायत, थांबा तिथेच.

मग थर. खाली क्रीम, बोटाच्या पेरापेक्षा थोडं कमी, त्यावर चुरा ३-४ मिलीमीटर, परत क्रीम, परत चुरा, असे क्रीमचे ४ आणि चुऱ्याचे ४. शेवट चुऱ्याने, पण तो अगदी वरचा थर वाढायच्या अर्धा तास आधी टाकायचा. क्रीम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून कोपरा कापा आणि मेंदीच्या कोनासारखं धरून कडेपासून मध्यापर्यंत गोल सोडा, चमच्याने टाकलं तर काचेला फासलं जातं आणि बाहेरून थर दिसत नाहीत. चुरा चमच्याने भुरभुरवा आणि दाबू नका, ग्लास ओट्यावर ठेवून एकदा हलकेच आपटा, तेवढं पुरतं. दाबलं की तो थर बसतो आणि नंतर चमचा आत जाताना लगदा लागतो.

फ्रीजमध्ये किमान ४ तास, झाकून.

क्रीम कोणतं घ्यायचं? माझं क्रीम फेटलंच जात नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि उत्तर एका ओळीत नाही.

क्रीम फेटलं की फुलतं म्हणजे काय होतं, तर आत हवेचे बुडबुडे शिरतात आणि दुधातल्या स्निग्धांशाचे बारीक कण एकमेकांना अर्धवट चिकटून त्या बुडबुड्यांभोवती कुंपण घालतात. कुंपणाला पुरेसे कण हवेत आणि ते कण घट्ट हवेत. म्हणजे दोन अटी, स्निग्धांश ३० टक्क्यांच्या वर, ३५ च्या आसपास असेल तर उत्तम, आणि क्रीम गार, एकदम गार. आपल्याकडे किराणा दुकानात टेट्रापॅकमध्ये जे फ्रेश क्रीम मिळतं ते साधारण २५ टक्क्यांचं असतं. ते भाजीसाठी, फ्रूट सॅलडसाठी मस्त, पण तासभर फेटलं तरी उभं राहणार नाही, तुमच्या हाताचा दोष नाही तो, क्रीममध्येच तेवढा दम नसतो. खोक्यावर व्हिपिंग क्रीम लिहिलेलं घ्या आणि स्निग्धांशाची टक्केवारी वाचा.

दुसरा प्रकार म्हणजे केकवाल्यांचं व्हिप टॉपिंग, बेकरीच्या सामानाच्या दुकानात फ्रोझन मिळतं. हे दुधाचं क्रीम नाही, वनस्पती तेलाचं असतं आणि आधीच गोड असतं. हे फुलतं जोरात, तिप्पट होतं, उकाड्यात टिकतं, नवशिक्याला जमतं. पण खाल्ल्यावर टाळूला एक मेणचट पापुद्रा राहतो आणि सेराडुरात दोनच तर चवी आहेत, एक बिस्किटाची आणि एक दुधाची, त्यातली दुधाचीच घालवली तर राहिलं काय. मला मनापासून वाटतं की दुधाचंच क्रीम घ्यावं. अगदीच मिळत नसेल, किंवा मे महिन्यात मंडपात ठेवायचं असेल, तर अर्धं दुधाचं आणि अर्धं टॉपिंग असं करा, दोन्ही वेगवेगळी फेटून मग एकत्र. तेव्हा कंडेन्स्ड मिल्क १७० च्या जागी १०० ग्रॅमच घ्या, टॉपिंगची साखर असतेच. टॉपिंग आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवायचं, बाहेर ओट्यावर नाही.

टॉपिंग विकत घेताना दुकानातला फ्रीजर एकदा बघून घ्या. मी एकदा घाईत एका दुकानातून घेतलं, खोकं एका बाजूने फुगलेलं आणि बाहेरून बर्फाचा थर होता, म्हणजे ते वितळून परत गोठवलेलं होतं, घरी फेटलं तर दाणेदार पाणी झालं आणि दुसऱ्या दिवशी मुलीचा वाढदिवस. तेव्हापासून खोकं हलवून, दाबून बघितल्याशिवाय मी घेत नाही.

घरच्या सायीचं नाही होणार का?

म्हशीच्या दुधाची साय जाड असते, होतं, पण जपून करावं लागतं. साय ताजी हवी, दोन दिवसांचीच, आठवडाभर साठवलेली नको कारण तिला आंबूस वास येतो. गार साय थोड्या गार दुधात सारखी करून, चाळणीतून काढून मग फेटायची. आणि रवीने घुसळू नका, रवी लोणी काढायलाच आहे, ती हवा भरत नाही. तारेचा व्हिस्क किंवा बीटर घ्या आणि डोळा लावून बसा, साय फुलण्यात आणि लोणी येण्यात फार अंतर नसतं.

श्रीखंडाचा चक्का वापरू का असं पण एका वहिनींनी विचारलं होतं. अर्धा चक्का, अर्धं फेटलेलं क्रीम असं मी पाडव्याला केलंय, आंबटगोड लागतं, छान लागतं, उन्हाळ्यात तर जास्तच. फक्त चक्का रात्रभर टांगलेला पाहिजे, पाणी राहिलं तर खालचा थर सगळा भिजतो.

क्रीम दाणेदार झालं, आता?

जास्त फेटलं गेलं. घाबरू नका, नुसतं दाणेदार असेल आणि पाणी सुटलं नसेल तर न फेटलेलं गार क्रीम २-३ मोठे चमचे घालून हाताने, उलथन्याने हळू मिसळा, बहुतेक वेळा परत गुळगुळीत होतं. म्हणूनच मी नेहमी अर्धी वाटी क्रीम बाजूला काढून ठेवते. पण पिवळट गोळे आणि खाली ताक असं दिसायला लागलं तर ते लोणी झालं, ते परत येत नाही. कंडेन्स्ड मिल्क अजून घातलं नसेल तर धुवून तूप कढवा, वाया काही जात नाही. घातलं असेल तर ते गोड लोणी पोळीला लावून मुलं खातात.

मारीच का? पार्ले-जी नाही चालणार?

मारी मुळात कमी गोड आणि कोरडं, आणि भाजल्याचा वास असतो त्याला. क्रीम गोड आहे, त्यात बिस्किटही गोड घेतलं तर चौथ्या चमच्याला कंटाळा येतो. ग्लुकोज बिस्किटाचा चुरा ओला झाला की चिकट होतो, दाताला लागतो. डायजेस्टिव्ह चालतं पण त्याला गव्हाच्या कोंड्याची वेगळी चव आहे आणि चुरा जाडसर राहतो.

बिस्किटं सादळली असतील, आणि आमच्याकडे पावसात पाकीट फोडल्यावर संध्याकाळपर्यंत सादळतातच, तर कढईत मंद आचेवर ५-७ मिनिटं परतून घ्या, नुसती कोरडी, पूर्ण गार झाल्यावर मिक्सर. खरं तर सादळली नसली तरी परतते मी, कारण त्याने रंग एक छटा गडद होतो, खमंगपणा येतो आणि थर काचेतून उठून दिसतात. आंटींकडून शिकलेली ही एकच गोष्ट मी कोणाला सांगायला विसरत नाही.

चुऱ्यात लोणी घालायचं नाही. ते चीजकेकच्या तळाला असतं, इथे चुरा सुटा हवा.

किती आधी करून ठेवता येतं?

चुरा क्रीममधला ओलावा शोषत जातो, त्यामुळे वेळेप्रमाणे पदार्थ बदलतो. तासाभरात खाल्लं तर क्रीम आणि भुसा वेगवेगळे लागतात, जरा कोरडं. ४ तासांनी चुरा कडेने मऊ. रात्रभर ठेवलं की चुऱ्याचा मऊ केक होतो आणि चमचा वरून खालपर्यंत अडखळत नाही, मला हाच आवडतो. दुसऱ्या दिवशीही छान. तिसऱ्या दिवशी थर एकमेकांत मिसळायला लागतात आणि क्रीमला फ्रीजचा वास लागतो, तिथपर्यंत नेऊ नका.

वरचा शेवटचा भुशाचा थर मात्र वाढायच्या अर्धा तास आधी टाका. आधी टाकला तर तो ओला होऊन काळपट दिसतो, आयत्या वेळी टाकला की वर कोरडा भुरभुरीत आणि आत मऊ.

५० माणसांचं करायचंय.

क्रीम अडीच लिटर, कंडेन्स्ड मिल्कचे ३ डबे (थोडं उरेल), बिस्किट सव्वा किलो. पण एकदम नका फेटू. घरच्या हँड बीटरला एका वेळी ५०० मिलीच, जास्त घेतलं तर वरचं जास्त फेटलं जातं आणि तळाचं कच्चं राहतं. एक घाणा फेटा, ग्लासात भरा, फ्रीजमध्ये, मग दुसरा.

आणि करायला घ्यायच्या आधी फ्रीजमध्ये जागा मोजा! ५० ग्लास म्हणजे फ्रीजचे सगळे कप्पे रिकामे लागतात, समारंभाच्या घरात ते कसे असणार, भाज्या असतात, फुलं असतात, दूध असतं. आम्ही आंटींचा आणि समोरच्यांचा असे दोन फ्रीज मागून घेतो. किंवा सरळ मोठ्या काचेच्या ट्रेमध्ये थर लावा आणि वाढताना चौकोनी तुकडे काढा, जागा निम्मी लागते. ट्रेसाठी क्रीम जरा ताठ ठेवायचं, नाहीतर तुकडा उभा राहत नाही.

उन्हाळ्यात होतं का? लाईट गेली तर?

होतं, पण वेळ निवडा. मी मे महिन्यात पहाटे ५ ला करते, तेव्हा स्वयंपाकघर जरा तरी गार असतं. पंखा बंद, गॅस बंद, बाजूला कुकर लावलेला नको. एका वाढदिवसाला मी सकाळी ११ ला करायला बसले, पातेल्याखालचा बर्फ वितळून पाणी झालेलं मला कळलंच नाही, आणि क्रीम फुलायच्या ऐवजी पातळ होत गेलं. ते पातेलं उचललं आणि तसंच्या तसं फ्रीजरमध्ये ठेवलं २० मिनिटं, कडेने बर्फाची साय धरायला लागल्यावर काढून परत फेटलं, आणि झालं. तेव्हा क्रीम हट्ट करायला लागलं तर फेटत राहू नका, गार करा.

लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज ४ तासांपर्यंत गारवा धरतो. बाहेर काढलेला सेराडुरा मात्र तासाभरात संपला पाहिजे, उकाड्यात दुधाचं क्रीम बाहेर ठेवून चालत नाही, विशेषतः लहान मुलं आणि म्हातारी माणसं खाणार असतील तर. प्रवासात न्यायचा असेल तर ग्लास फ्रीजरमध्ये घट्ट करून, आइसबॉक्समध्ये, मध्ये बर्फाच्या पिशव्या. मी कोल्हापूरला असाच नेते आणि तिथे पोचेपर्यंत तो बरोबर खाण्याइतका सुटलेला असतो.

अर्धवट गोठवून खाल्ला तर?

खूप जण तसाच खातात. २ तास फ्रीजरमध्ये ठेवून १० मिनिटं बाहेर काढायचा, आइसक्रीमसारखा लागतो. तुमच्या गावात व्हिपिंग क्रीम मिळतच नसेल, फक्त २५ टक्केवालंच मिळत असेल, तर हाच मार्ग घ्या. ते क्रीम रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, वरचं घट्ट तेवढं काढा, तळाचं पाणी घेऊ नका, कंडेन्स्ड मिल्क घालून जाड होईल तेवढं फेटा आणि थर लावून गोठवा. फेटून उभं राहत नाही ते गोठून उभं राहतं.

ओरिओचं करतात तेच ना हे?

नाही. ओरिओ आपल्याकडे २०११ मध्ये आलं आणि त्यानंतर कपात ओरिओ आणि क्रीमचे थर घरोघरी व्हायला लागले, मुलांना ते आवडतं, माझ्या मुलीलाही आवडतं. करायचं तर मधलं पांढरं क्रीम खरवडून काढा, आणि कंडेन्स्ड मिल्क अर्धं करा, नाहीतर भयंकर गोड होतं. पण कोकोची चव इतकी पुढे येते की दूध मागे पडतं. दोन्ही करा, पण वेगवेगळ्या दिवशी, आणि सेराडुरा पहिल्यांदा करताय तर साधाच करा.

आंबा घालता येईल?

येईल की! गोव्यात मानकुराद, तिकडे हापूस. फक्त रस नुसता घालू नका, त्यातलं पाणी चुरा ओला करतं. वाटीभर रस पॅनमध्ये मंद आचेवर आटवून निम्मा करा, साखर न घालता, गार करा आणि क्रीमच्या मधल्या एकाच थरात पातळ पसरा. जास्त घातला तर बिस्किटाची चव दिसतच नाही. कॉफीही छान जाते, १ छोटा चमचा इन्स्टंट कॉफी चमचाभर पाण्यात विरघळवून कंडेन्स्ड मिल्कमध्ये. वरून काजूची भरड मला आवडते, भाजलेली.

पूर्ण शाकाहारी आहे का?

वर दिलेल्या प्रमाणाने, हो, अंडं नाही. काही रेसिपींमध्ये क्रीम बसावं म्हणून जिलेटिन घालतात, ते प्राण्यांपासून असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी बघून घ्या. चांगलं क्रीम असेल तर त्याची गरजच पडत नाही. मारीत मैदा आहे त्यामुळे उपवासाला नाही. नैवेद्याला आमच्या घरी बाहेरचं बिस्किट दाखवत नाहीत, तुमच्या घरची पद्धत तुम्ही बघा.

आम्ही बाहेरच्या देशात आहोत, काय घ्यायचं?

तुमचं काम खरं तर सोपं आहे. अमेरिकेत हेवी व्हिपिंग क्रीम किमान ३६ टक्क्यांचं असतं, अगदी हवं तसं, आणि मारी बिस्किट मेक्सिकन सामानाच्या रांगेत मारिया नावाने सापडतं, इंडियन स्टोअरपर्यंत जायचीही गरज नाही. इंग्लंडमध्ये डबल क्रीम ४८ टक्क्यांचं, ते डोळ्याची पापणी लवते न लवते तोच लोणी व्हायला बघतं, त्यात थोडं गार दूध घालून सैल करा आणि हाताच्या व्हिस्कनेच फेटा.

गोड कमी करायचं तर?

कंडेन्स्ड मिल्क १२० ग्रॅमपर्यंत खाली आणा, त्याखाली गेलात तर नुसती साय खाल्ल्यासारखं लागतं. त्या जागी साखर घालू नका, दळलेली असली तरी, कंडेन्स्ड मिल्कमध्ये जो आटवलेल्या दुधाचा खवट नव्हे तर खव्यासारखा वास आहे तो साखरेत नाही.

उरलेल्या चुऱ्याचं काय करायचं?

घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतो. आमच्याकडे सकाळी गरम दुधात दोन चमचे घालून मुलगी पिते. आणि थर लावून संपल्यावर पातेल्याच्या कडेला जे क्रीम राहतं, त्यात उरलेला चुरा तिथल्या तिथे कालवून ती आणि मी ओट्याशी उभं राहूनच संपवतो, ग्लास फ्रीजमध्ये जाऊन चार तास व्हायच्या आधीच.